नेफिनवरची हाळी

शनि. २७ नोव्हें. २०१०, कासलबार, आयर्लंड
सकाळी पडदा सरकवला आणि किंचाळलेच. बर्फ! गाड्या, कुंपणं, समोरच्यांची कचराकुंडी, सगळं पांढरंफेक. लगेच पुण्याला मंदारला फोन. म्हणे, "सगळा संपवू नकोस, मला ठेव थोडा." मेला! लग्नाला चार वर्षं, त्यातली दोन फोनवर.
१८ला येतोय. राहून बघणार, मग ठरवणार, भोसरीचं वर्कशॉप भागीदाराच्या गळ्यात घालून इकडे यायचं की नाही. आणि मला जानेवारीत हॉस्पिटलला सांगायचंय, पुढची दोन वर्षं थांबते की नाही. तो नाही आला तर मी परत जाणार. असं आपलं म्हणते. खरं माझं मलाच माहीत नाही.

गुरु. २ डिसें.
ब्रीडाने स्नोशूज आणले, दोन जोड. आमच्या वॉर्डची सिस्टर, तरुणपणी कॅनडात होती. बुटाखाली बांधायची चपटी सुपंच ती, पाय रुतत नाही म्हणे. तंबू, जाड स्लीपिंग बॅगा पण देतेय. "यू'ल बी ग्रँड."
प्लॅन पक्का: मं. आला की नेफिन डोंगराच्या पायथ्याशी एक मुक्काम. अख्खा सह्याद्री तुडवलेला माणूस, पण बर्फ बघितलाय तो फ्रीजरमधला.
त्याचा मोठा जोड प्रेसमध्ये ठेवला, टॉवेलांखाली. (कपाटाला प्रेस म्हणायला लागले मी! हसेल.)

शनि. १८ डिसें.
डब्लिन एअरपोर्ट बंद. मं. लंडनला अडकलाय. तिथलंही बंद. बाकावर बसून आईंनी माझ्यासाठी दिलेला चिवडा खातोय. इतक्या जवळ आलाय रे. इतक्या जवळ!
पोळ्या करून ठेवल्या होत्या. एकटीने काय खायच्या.

मंगळ. २१
परतीची सीट मिळाली, इकडची नाही. गेला. "ऑर्डर अडकलीय गं, पुढच्या वेळी नक्की." मी नको नको ते बोलले. तो गप्प. गप्प बसला की जास्त राग येतो.

गुरु. २३
रजा टाकलेली होतीच. ब्रीडा म्हणाली, रडत बसण्यापेक्षा चल. काल गेलो. जाताना गाडीत उणे दहा दाखवत होतं.
तंबूची जागा मी निवडली. वारा नको म्हणून ओढ्याकाठचा खोलगट भाग, आपलं घाटावरचं शहाणपण. ब्रीडा सांगत होती, वर लावू, थंडी खाली येऊन साचते. ऐकेन तर शपथ! आख्ख्या डोंगराची थंडी आमच्या उशाशी येऊन झोपली. सकाळी बाटलीत पाण्याचा दगड. तोंडाला लावायचं खोबरेल तर चमच्यालाही दाद देईना.
मग स्नोशूज बांधून वर. बदकासारखं फेंगडं चालायचं, पण मजा! वर भुसभुशीत, गुडघ्याएवढा बर्फ. मं.ला वेड लागलं असतं. धुकं आलं, मागे ब्रीडा दिसेना. हाळी दिली, पूर्ण गळ्याने. बिचारी शिट्टी फुंकत, धडपडत पळत आली. तिला वाटलं, मी दरीत गेले.
सांगितलं, बाई गं, ही मदतीची हाक नाही. पुढच्याने हाळी द्यायची, मागच्याने ओ. ओ आल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही. मंदारचा नियम. तो कायम पुढे, मी शेपटाला. त्यामुळे मी आयुष्यभर फक्त ओ दिली. हाळी आज पहिल्यांदा.
"आणि युअर मॅनने ओ दिलीच नाही तर?"
"थांबायचं."
"इन धिस कोल्ड?"
दोघी खूप हसलो. हसता हसता मला रडूच कोसळलं. मला तो हवाय. इथे, आत्ता, या फालतू धुक्यात. ब्रीडाने हातमोज्यानेच माझे डोळे पुसले, त्यावरचा बर्फ सगळा तोंडाला.
उतरताना ती मागून उगाचच ओ देत होती.

सोम. ३ जाने. २०११
बर्फ गेला. पाऊस, चिखल, नेहमीचं आयर्लंड. दुसरा जोड प्रेसमध्ये तसाच, कोरा करकरीत.
उद्या हॉस्पिटलला सांगायचं.
आता मं.चा फोन, वर्कशॉपमधून. ऑर्डर, भागीदार, एप्रिलमध्ये बघू, आईचं गुडघ्याचं... ऐकत होते, ऐकत होते. मग मध्येच तोडलं आणि हाळी दिली. नेफिनवर दिली तशीच. शेजारच्याने भिंत ठोकली.
पलीकडे काही नाही. फक्त मशीनचा घरघराट, म्हणजे लाइन चालू आहे. फोन स्पीकरवर टाकून हे लिहितेय. ओ येईपर्यंत मी काही बोलणार नाही. नियम त्याचाच आहे.
मशीन बंद झालं. त्यानेच केलं असणार.