सावंतांना दाखवलेली काळी पूड

परळ, मंगळवार, डिसेंबर १९५८

अमोनियाचा वास अजून नाकातून जात नाही. लोखंडाच्या दोन क्षारांच्या पाण्यात अमोनिया ओतला, काळा साका बसला, आठ वेळा धुतला. तरी कण जाडच, गुठळ्या होतातच. हे कर्करोगाच्या गाठीत टोचायचं आणि बाहेरून विजेच्या वेटोळ्याने गाठ तापवून मारायची, असा आमच्या डॉक्टरांचा बेत. पण अजून सशांपलीकडे गेलो नाही. एवढ्यात जाणारही नाही.

मग वॉर्डातल्या सावंतांना मी ह्या पुडीची बाटली दाखवलीच कशाला? लालबागचे विणकर, मानेला गाठ. चुंबकामागून काचेवर चढणारी काळी पूड बघून दुखणं विसरून हसले होते. गंमत म्हणून दाखवली. गंमत! तेव्हापासून त्यांची बायको रोज विचारते, ह्यांना कधी देणार?

आज ठरवूनच गेले. ते एकटे होते. म्हटलं, "सावंत, ते औषध तुमच्या वेळेला तयार होणार नाही."

"माका ठावक आसा, बाई. मोठ्या डॉक्टरांनी केव्हाच सांगितल्यानी. पण तिका सांगू नकात. त्या बाटलीच्या आशेर ती दोन घास जेवता तरी."

तेवढ्यात त्या आल्याच. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाने रस्ता भरला होता, म्हणून उशीर. डबा ठेवून माझ्याकडे वळल्या. "झालं का हो बाई औषध?"

सावंतांनी डबा उघडायला घेतला.

मी म्हणाले, "आज पूड चांगली बारीक पडली."