स्क्रूड्रायव्हरला लावलेला कान

अण्णा, मी सध्या पगार घेऊन समुद्र ऐकते. चिंचवडला, तिसऱ्या मजल्यावर, कानांवर हेडफोन चढवून. कोकणात पाण्याखाली ठेवलेल्या माइकचं रेकॉर्डिंग आमच्याकडे येतं. कुठला प्राणी किती वेळा ऐकू आला, मागच्या वर्षापेक्षा कमी की जास्त, यावरून तिथला समुद्र धडधाकट आहे की आजारी, याचा अंदाज बांधायचा. समुद्र आतून गप्प असेल असं मला वाटायचं. पण तिथे बोटाएवढ्या कोळंब्या नांग्या आपटतात आणि कढईत मोहरी तडतडल्यासारखा आवाज दिवसभर चालू राहतो. डॉल्फिन शिट्ट्या मारतात. आई भोसरीच्या बाजारातून आणायची तो ढोमा मासा तर संध्याकाळ झाली की सगळ्या भाऊबंदांसकट बेडकासारखा ओरडतो. आपण त्याला इतकी वर्षं मुकाट खाल्लं.

हे काम मी तुमच्याकडूनच शिकले. वर्कशॉपमध्ये स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, की कुठलं बेअरिंग जाणार ते तुम्ही आधीच सांगायचात. रविवारी घरी मिक्सर चालू करून मूठ माझ्या कानाला लावायचात आणि विचारायचात, "काय ऐकू यायलंय?" मी सांगायचे, गुळगुळीत आहे, नाहीतर खरखरतंय. तुम्ही मला शिकवताय असं वाटायचं. पत्रा ठोकणाऱ्या प्रेसच्या दणदणाटात तुमचे कान केव्हाच गेले होते आणि नोकरी जाईल म्हणून तुम्ही ते लपवत होतात, हे आईने तुम्ही गेल्यावर सांगितलं.

खंडेनवमीला कामगारांची पोरंबाळं वर्कशॉपमध्ये यायची. मी नऊ वर्षांची असेन. पूजेआधी तुम्ही मोठी लेथ मिनिटभर चालवली, मूठ माझ्या कानाला लावली आणि तोच प्रश्न विचारला. मी म्हणाले, "गुळगुळीत," आणि तुम्ही लेथ ठीक असल्याचं कळवलंत. चार दिवसांनी बेअरिंग अडकलं, शाफ्टही गेला. तुम्हाला पॅकिंगला टाकलं आणि तुम्ही तिथूनच रिटायर झालात. घरी जेवताना एवढंच म्हणालात, "ऐकण्यात मीच चुकलो." पुन्हा कधी मिक्सरला कान लावायला सांगितलं नाहीत.

आता एका रेकॉर्डिंगमध्ये रोज पहाटे खोल घुमणारा आवाज येतोय. बोटीचा वाटत नाही, ओळखीच्या कुठल्या माशाचाही नाही. कुणी नवीन पाहुणा आलाय, की ओळखीचंच कुणीतरी अडचणीत आहे? शेजारचा सहकारी म्हणाला, "बोट लिही आणि पुढं चल ना राव." आज मी तो अकराव्यांदा शेवटपर्यंत ऐकला आणि नोंदीत लिहिलं, माहीत नाही. हे हेडफोन एकदा तुमच्या कानांवर ठेवावेत, असं फार वाटलं. तुम्हाला ऐकू आलं नसतं, तरी तुम्ही विचारलंच असतं.

हे पत्र कुठे धाडायचं, अण्णा? इथेच ड्रॉवरमध्ये राहील. त्या दिवशी लेथ खरखरत होती की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. पलीकडे पेढ्यांचा बॉक्स उघडत होते. मी ऐकलंच नव्हतं.