दोन शेड उजळ

२ नोव्हें., रवि.
सूस गावची स्नेहल येऊन गेली. प्रज्ञाच्या लग्नाचा मेकअप तीच करणार. पॅकेज दोन, एक साधं, एक परदेशी सामानाचं. दुसऱ्याचा आकडा ऐकून संगीता चहा गाळायची थांबली. मी 'बघू' म्हणालो. माझं बघू म्हणजे नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना कळतं.
पोरीचं तोंड उतरलं नाही, ते जास्त लागलं. लगेच म्हणाली, "ताई, साधंच कर. फाउंडेशन तेवढं आम्ही आणू." मैत्रिणीच्या लग्नात तिने ते परदेशी लावलं होतं. काही लावलंय असं वाटतच नव्हतं म्हणे.
मग माझ्याकडे वळून: "पप्पा, तसंच पाहिजे, पण आपल्याला परवडणारं. तुम्ही शोधा. तुमचा डोळा कशाला आहे मग?"
अर्धं आयुष्य गाड्यांचे रंग जुळवण्यात गेलं. शो-रूमवालेसुद्धा मशीनने बनवलेला रंग घेऊन पिरंगुटला माझ्याकडे येतात, 'मेस्त्री, जरा बघा' म्हणून. त्वचा म्हणजे काय, एक पॅनलच. शोधतो.

५ नोव्हें., बुध.
प्र. ने मैत्रिणीकडून ते थोडंसं आणलं, चष्म्याऐवजी डोळ्यात घालतात त्या काचांच्या डबीतून. गॅरेजच्या मागे, पत्र्याची सावली पडत नाही तिथे उभा राहून हातावर पट्टी ओढली. कोपराच्या आतल्या बाजूला. रंगाने पोर माझ्यावर गेलीय. माझा आतला हात आणि तिचा गाल एकच शेड. तिला सारखं बसवून ठेवायची गरज नाही.
निरीक्षण: ओलं असताना थोडं पिवळट. सुकल्यावर कातडीत गेलं. कड दिसेना. बोट फिरवलं तरी कळेना कुठे सुरू, कुठे संपलं. मानलं. बनवणाऱ्याला डोळा आहे.
बबन डेंटरने बघितलं. "मेस्त्री, आता पार्लर टाकताय का? माज्या दाढीवर बी मारा की एक कोट."
"तुझ्या खड्ड्यांत आधी लांबी भरावी लागंल," म्हणालो. सगळे हसले. पण बाही खाली ओढली मी.

९ नोव्हें., रवि.
बाणेरच्या मोठ्या दुकानात गेलो. एकटाच. आत शिरल्यावरच चूक कळली, सगळ्या बायका. विकणारी पोरगी म्हणाली, "सर, मॅडमसाठी? गिफ्ट?"
मी सांगितलं, "कंपनीचं सँपल बघायचंय." कुठली कंपनी, कसलं सँपल! मुलीसाठी, एवढं म्हणायला काय झालं होतं? नखात प्रायमर अडकलेल्या हाताची लाज वाटली, म्हणून.
देशी कंपन्यांच्या सहा बाटल्या हातावर ओढून घेतल्या. दोघी कॉलेजच्या पोरी बघून तोंडावर हात धरून हसत होत्या. पट्ट्या घेऊन बाहेर रस्त्यावर आलो, ट्यूबच्या उजेडात रंग बघायचा नसतो. पाठीमागून वॉचमन. त्याला वाटलं, काहीतरी घेऊन पळालो.
परत आत गेलो तर ती विकणारी पोरगी भलतीच बाटली पुढे करते. "सर, ब्राइडल आहे ना? मग ही घ्या. लग्नात दोन शेड उजळच घेतात सगळे."
मी तिला तिथेच समजावलं. बाई, रंग जुळवायचा असतो, उजळवायचा नसतो. उजळ लावला की शेजारचा भाग चुगली करतो. ती 'ओके सर' म्हणाली. बाहेर पडताना जरा बरं वाटलं.
आज विकत काही घेतलं नाही. दोन बाटल्या सुकता सुकता नारिंगी झाल्या. एक तेलकट. तीन अजून शर्यतीत.

१३ नोव्हें., गुरु.
तिन्हींच्या छोट्या पुड्या मिळतात, पौडच्या जनरल स्टोअरमध्येसुद्धा. बाणेरला उगीच गेलो.
कसोटी १. रंग सुकवायच्या भट्टीजवळ उभा राहून घाम आणला. एक ओघळली. गेली.
कसोटी २. पांढरा फडका दाबला. आपल्यात नवरीची साडी पांढरी, पदराला तोंड लागलं तर डाग नको. परदेशीचा पुसट डाग पडला. राहिलेल्या दोन देशींपैकी एकीचा पिवळा. दुसरीचा नाहीच.
म्हणजे या एका बाबतीत आपली त्यांच्या वरचढ. किंमत त्यांच्या झाकणाएवढी असेल.
घरी प्र. ला दोन्ही पट्ट्या दाखवल्या, कुठली कोणती न सांगता. तिने वास घेतला, हात उन्हात धरला, तिरका केला. माझ्याकडूनच शिकलीय. ओळखता आलं नाही. "पप्पा, तुम्ही ना, भारी आहात," म्हणाली आणि माझ्या हाताची पापी घेतली, त्या पट्टीवरच.
संगीता म्हणते, "बापलेक येडी हायेत."

१६ नोव्हें., रवि.
मारुंजीला जावईबुवांच्या फ्लॅटवर. विशाल मूळचा लातूरकडचा, इथे हिंजवडीत कंपनीत. त्याची मावशी आलीय गावाहून. चांगली माणसं. हुंड्याचा शब्द नाही, मानपान नाही, विहारात लग्न, साधं जेवण.
जेवताना मावशी फोनवर साखरपुड्याचे फोटो बघत होत्या. म्हणाल्या, "पोरगी शिकलेली आहे, स्वभावानं गोड आहे. रंगाचं काय एवढं घेऊन बसायचं, नाही का?"
कोणी काही विचारलंच नव्हतं.
मी हसलो. "बरोबर आहे," म्हणालो. मलाच का म्हणावं लागलं बरोबर आहे?
प्र. आमटी वाढत होती. तिने ऐकलं का, कळलं नाही.

१८ नोव्हें., मंगळ.
एका लाल गाडीचं बंपर दोनदा चुकलं. माझ्या हातून. बबनने चेष्टा न करता खरवडायला घेतलं.

२३ नोव्हें., रवि.
बाटली घेतली. जुळते ती सात नंबरची. घेतली ती पाच.
कारण लिहीत नाही.

२४ नोव्हें., सोम.
प्र. ने विचारलं, "मिळाली?" हो म्हणालो. तिने नंबर बघितलाही नाही. सरळ कपाटात ठेवली.

३० नोव्हें., रवि.
आज स्नेहल ट्रायलला आली. सगळं लिहून काढतो, नाहीतर उद्या मीच मला पटवीन की तसं नव्हतं.
ओसरीत उजेडाला खुर्ची मांडली. प्र. ने पांढरी साडीही नेसून बघितली, दागिने नाहीत. स्नेहलने चेहरा केला आणि मागे सरकली. मग मान वाकडी करून म्हणाली, "काका, शेड चुकली की हो."
राखेसारखं तोंड. मान वेगळी, तोंड वेगळं, आणि मध्ये जबड्याच्या कडेला रेघ. दुसऱ्या गाडीचं दार आणून बसवल्यासारखं. पांढऱ्या साडीने तर पार उघडं पाडलं.
मी काय म्हणालो? म्हणालो, "बॅचचा फॉल्ट आहे. नंबर तोच, माल वेगळा. या कंपन्यांचं असंच." असं ठणकावून म्हणालो की स्नेहलला पटलं. म्हणाली, "मी मिक्स करून बघते दुसऱ्यात." संगीता आरसा घेऊन उभी होती, तिने तो पोरीला दिलाच नाही.
प्र. ने तो ओढून घेतला. बघितलं. थँक्यू ताई, म्हणाली.
स्नेहल गेल्यावर न्हाणीत तोंड धुवत होती. मी दाराशी जाऊन उभा राहिलो, का कुणास ठाऊक. पाठमोरीच बोलली.
"पप्पा, त्या वकिलांची चॉकलेटी गाडी आठवते? बॉनेट तुम्ही परत परत खरवडायला लावलंत. का तर पाव शेड उजळ होतं."
मी दाराची कडी चाचपली.
"आणि माझ्या तोंडाला दोन."
"चुकलं असेल गं."
"तुमचं चुकत नाही. तेच तर."
पाण्याचा आवाज चालू राहिला.

१ डिसें., सोम.
कामावर गेलो नाही. डोकं दुखतं सांगितलं.
एप्रिलात जयंतीला विहारात भाषण केलं होतं मी. कागद न घेता. माणसाची किंमत कातडीवर नाही, जातीवर नाही, असं. आठवी नापास माणूस असा बोलतो म्हणून लोकांनी टाळ्या दिल्या. प्र. पहिल्या रांगेत बसून फोनवर शूटिंग करत होती. ते अजून असेल तिच्याकडे.
लहानपणी ती शाळेच्या मैदानात कबड्डी खेळायची. मी हाक मारायचो, उन्हात नको. आजारी पडशील म्हणून, असं तिला वाटत असेल. मलाही तेच वाटायचं. वाटायचं का? लाल फ्रॉक मागितला होता तिने, मी फिका पिवळा आणला. लाल उठून दिसत नाही तुला, म्हणालो होतो. सहा वर्षांची असेल.
मी काम शिकत असताना गॅरेजचा मालक मला 'ए डांबर' म्हणून हाक मारायचा. दात खाऊन शिकलो. एकेक रंग, एकेक टिपूस. असा शिकलो की त्याच मालकाने शेवटी मला मेस्त्री म्हटलं. मला वाटलं, तो विषय तिथे संपला.
संपला नव्हता. मी तो घरी आणला होता.

३ डिसें., बुध.
प्र. बोलते. जेवलात का, गोळी घेतली का, मंडपवाल्याला फोन केला का. सगळं बोलते. पप्पा म्हणत नाही फक्त. वाक्य असं फिरवते की म्हणावंच लागू नये.

५ डिसें., शुक्र.
संगीताला सांगितलं, की बॅच-बिच काही नाही, मीच पाच नंबर उचलली.
ती मेथी निवडत होती. मान वर केली नाही. "मला काय सांगताय? मला त्याच दिवशी कळलं. सोताच्या हातावर जुळवलंत आन् दुसरीच आणलीत."
"मग बोलली का नाहीस?"
"तुमी बॅच बॅच करत व्हता. तुमचं तोंड बघून बोलवंना."
मग दुसरी जुडी सोडत म्हणाली, "तुमी मला बगायला आला व्हता, तवा आई आत येऊन म्हनली, पोरगं लई काळं हाय, बग बाई. मी म्हनलं, असू दे, मला आवडलं." काड्या सुपात टाकल्या. "तुमाला कदी सांगितलं न्हाई. कशाला सांगायचं? त्यात सांगन्यासारकं काय व्हतं?"
इतकी वर्षं या बाईबरोबर राहतो. तिच्यासमोर मान वर करून बसवेना. उठून उगाच नळ बघितला, गळतो का.

९ डिसें., मंगळ.
पुन्हा बाणेर. दुपारचं, गर्दी नसताना. तीच विकणारी पोरगी. पाचची बाटली फोडलेली, परत घेत नाहीत. परत द्यायला आलोच नव्हतो.
"सात नंबर द्या. माझ्या मुलीचं लग्न आहे," म्हणालो. या वेळी बाही आधीच वर केली होती. तिने माझ्या हातावर लावून बघितली. "अगदी परफेक्ट सर. तुम्ही मागे म्हणाला होतात ना, जुळवायचा असतो म्हणून? मी आता कस्टमरला तेच सांगते."
पैसे देऊन निघालो.
येऊन बाटली प्र.च्या टेबलावर ठेवली. चिठ्ठी लिहिणार होतो. चार शब्द लिहून फाडली. रंगातलं सगळं येतं लिहायला, हे येत नाही.

११ डिसें., गुरु.
दोन्ही बाटल्या टेबलावर शेजारी-शेजारी. तिनेच ठेवल्यात तशा. लावून बघितली नाही. स्नेहलचा फोन आला तेव्हा म्हणाली, "बघू ताई. कदाचित काहीच नको लावूया."
बघू म्हणाली. माझ्यासारखंच.

१३ डिसें., शनि.
उद्या लग्न. घरात पाहुणे. अंगणात मंडपवाले, बांबू आपटतायत.
सकाळी प्र. दोन्ही बाटल्या घेऊन ओसरीत आली. हळद नुकतीच धुतलेली, केस ओले. खुर्चीत बसली, गाल उजेडाकडे केला. "लावून बघा."
"स्नेहल लावेल की."
"तुम्ही लावा."
माझी बोटं खरखरीत. थिनरने भाजलेली. तिच्या जबड्यावर एक पट्टी पाचची, खाली एक सातची. लहान असताना ताप बघायला हात लावायचो, त्यानंतर आजच. गाडीवर एका दमात सरळ रेघ मारणारा माणूस मी, इथे पट्टी दोनदा ओढावी लागली.
सुकायला थांबलो. बांबूवाला कुणाला तरी 'वर घे, वर घे' ओरडत होता.
पाच नंबर तशीच उभी राहिली, खडूसारखी. सात कातडीत गेली. शोधूनही सापडेना. नुसती पोर होती तिथे.
"कुठली?" तिने विचारलं.
मी खालच्या पट्टीवर बोट ठेवलं. अंदाजानेच ठेवावं लागलं. "ही. ही जुळते."
"जुळते ते मला माहितीये, पप्पा. आवडते का?"
पप्पा म्हणाली.
"आवडते," म्हणालो. लगेच म्हणालो की मध्ये थांबलो, आता आठवून पाहतोय, नक्की सांगता येत नाही. थांबलो असेन तर श्वासाएवढाच.
ती माझ्याकडे बघत राहिली. मान तिरकी करून, माझं तोंड उजेडात येईल अशी जरा बाजूला सरकून. मी पॅनल बघतो तशी. कुठे कड दिसते का.
मग दोन्ही बाटल्या उचलल्या आणि आत गेली. काय दिसलं, बोलली नाही.