दादा पायऱ्यांवर बसला

१२ नोव्हेंबर २००८, बुधवार
सकाळी ऑफिसला निघताना दादाचा फोन, ओहायोहून. त्याच्या शेजारच्या ग्लोरियाबाई शाळेची बस चालवतात, दादाच्या चिनूला सहा वर्षं त्यांनीच नेलं-आणलं. त्यांचं घर बँक ताब्यात घेतेय. गल्लीतले सगळे त्यांच्या पायऱ्यांवर जाऊन बसणार. दादासुद्धा.
कुठली बँक, विचारलं. त्यानं नाव सांगितलं. माझ्या गळ्यातल्या ऑफिसच्या कार्डावरचंच.
"तुला बाहेरून कळायला नको, म्हणून सांगितलं शैले."
दादा आणि धरणं! मी जपानला निघाले तेव्हा फोनवर तासभर समजावत होता. परक्या देशात मान खाली घालून राहायचं, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

१५ नोव्हें., शनिवार
ह्यांना सांगितलं. "ऑफिसात बोलू नकोस. रोज कुणाचं तरी टेबल रिकामं होतंय ना तुमच्याकडे?" बरोबरच आहे. बोलू का, असं मी विचारलंही नव्हतं.
आमची लेक ईशा जपानीत काहीतरी म्हणाली. समजलं नाही, परत सांग म्हटलं. "काही नाही." तेही जपानीत.
दुपारी एकटीच एदो नदीच्या बांधावर जाऊन आले. वारा फार.

१९ नोव्हें., बुधवार
हेड ऑफिसकडून सगळ्यांना मेल. निदर्शनं चालू आहेत, पत्रकारांशी बोलू नये वगैरे. खाली तिकडच्या टीव्हीच्या बातमीची क्लिप. नाकामुरा-सान आमचे टीम लीडर, त्यांच्या स्क्रीनवर सगळे बघत होते. लाकडी पायऱ्या, दहा-बारा माणसं. कडेला दादा. टोपी कानापर्यंत ओढलेली. केवढा म्हातारा दिसतो.
कुणीतरी म्हणालं, ह्यांना कामधंदा नाही वाटतं. हसले सगळे.
नाकामुरा-साननी विचारलं, "हे गृहस्थ इंडियन आहेत का?"
"असतील," मी म्हटलं.

२० नोव्हें.
असतील.
जेवणाच्या सुट्टीत खालच्या कोनबिनी दुकानातून ओनिगिरी, भाताची वडी, घेतली. खाववली नाही.

२२ नोव्हें., शनिवार
वहिनीचा फोन. पोलिसांनी दादाला आणि आणखी चौघांना नेलं होतं. संध्याकाळी सोडलं. ग्रीन कार्ड अजून व्हायचंय, वकील काळजीत. वहिनी रडत होती. मग दादानं फोन घेतला. "तुझं नाव मी कुठंही काढलेलं नाही. निश्चिंत राहा."
ह्यापेक्षा रागावला असता तर…

२५ नोव्हें., मंगळवार
आज नाकामुरा-सानना सांगितलं. कॉफी मशीनपाशी, दोघंच होतो. "त्या क्लिपमधले ते इंडियन गृहस्थ माझे सख्खे भाऊ." त्यांनी कप खाली ठेवला. मग, "त्यांची तब्येत बरी आहे ना?"
बरी आहे म्हटलं. ते वाकले, मीही वाकले. दिवसभर पुन्हा बोलणं नाही. जेवायला टेबलावर एकटीच. कुणाला कळलं असेल का, की मलाच वाटतंय?

२८ नोव्हें., शुक्रवार
मेल आलाय. सोमवारी दहा वाजता मॅनेजरच्या खोलीत. विषय लिहिलेला नाही. ह्यांना अजून सांगितलेलं नाही.
दादाला मात्र फोन करून सगळं सांगितलं. ग्लोरियाबाईंना जानेवारीपर्यंत मुदत मिळालीय. पुढं काय, त्यालाही माहीत नाही.
"तू कशाला सांगितलंस त्यांना?"
"तू कशाला बसलास?"
फोन दोघांनीही ठेवला नाही. तिकडं बर्फ उपसल्याचा आवाज येत होता.