न हलणारी आजी पाहिजे

४ फेब्रुवारी, बुधवार
नातीने तिच्या कंपनीची कोरी वही दिली. म्हणाली, आजी, दिवसभर बोलतेस त्यातलं थोडं यात लिहीत जा. चौथी शिकलेय, लिहिता येतं. बोलणं कमी होईल असा तिचा हिशेब असेल. बघू.

नातीला ऑफिसात नवं काम मिळालंय. एका वृद्धाश्रमाच्या बाथरूममध्ये दिवे आपोआप लागतात आणि आपोआप विझतात. म्हातारी माणसं बसली की निवांत बसतात. दिव्याला वाटतं, आत कुणी नाही. एक आजोबा अर्धा तास अंधारात हाका मारत होते म्हणे. आत कुणी निपचित पडलं तर तेही कळत नाही. म्हणून न हलणारा माणूससुद्धा ओळखेल असा सेन्सर तिने निवडायचा. त्यासाठी घरी कुणीतरी न हलता बसून दाखवायला हवं. जेवताना तिने विचारलं. मी लगेच हो म्हटलं. तिने बघितलं विहीणबाईंकडे.

विहीणबाई म्हणजे सुनेची आई. त्यांच्या घरातले पाइप बदलतायत म्हणून आठ दिवसांसाठी आल्या. आज पंचविसावा दिवस. पाइप समुद्रापर्यंत नेत असावेत.

५ फेब्रुवारी, गुरुवार, सकाळी ११
मधल्या खोलीत खुर्ची ठेवली, छताला डबी चिकटवली. हा पहिला सेन्सर, जिन्यात असतो तसला. माणूस हलला की दिवा लागतो.

मी दहा मिनिटं बसले. दिवा एकदाही विझला नाही. मग विहीणबाई बसल्या. दोन मिनिटांत अंधार. मी त्यांची समजूत घातली. म्हटलं, मनाला लावून घेऊ नका, यंत्र आहे, सगळ्यांना ओळखेलच असं नाही.

दुपारी १
दिवा विझणारी पास, असं निघालं. नातीने विहीणबाईंना मिठी मारली. म्हणते, इतकं स्थिर बसलेलं माणूस मी बघितलं नाही. तू एकसष्ट वेळा हललीस, आजी. साफ खोटं. मी फक्त पडदा नीट केला, खिडकीवरची धूळ पुसली आणि सुनेला ओरडून सांगितलं की दूध उतू जातंय. तोंडाने बोलणं हलण्यात धरायचं का, हे आधी सांगायला हवं होतं.

ही पोरगी मी वाढवली. सून कामावर जायची तेव्हा हिचं नाक कुणी पुसलं? विहीणबाई वाढदिवसाला बाहुली घेऊन यायच्या आणि संध्याकाळच्या गाडीने परत. आता दोघी दार लावून बसतात.

८ फेब्रुवारी, रविवार
संकल्प. रोज सकाळी अर्धा तास न हलता बसायचं. मनात आणलं तर मला काहीही जमतं.

आज चाळीस सेकंद झाले. दाराची बेल वाजली, त्याला माझा इलाज नाही. बेल शेजारच्यांची होती, पण उठल्यावर कळलं.

१० फेब्रुवारी, मंगळवार
आज खुर्चीवर चटई. वजन पडलं की तिला कळतं, माणूस बसलाय. मी बसले, कळलं. माझ्या मते इथेच निवड संपली. पण विहीणबाईंनी धुतलेल्या कपड्यांचा ढीग त्यावर ठेवला आणि चटईने त्यालाही माणूस म्हटलं. शिवाय जो जमिनीवर पडेल त्याचं काय, असं नात म्हणाली. चटई बाद. विहीणबाईंना म्हणे डोकं चांगलं आहे. कपडे घडी न करता फेकून दिले, याला आता डोकं म्हणतात.

मी सुचवलं, सरळ कॅमेरा लाव. नात म्हणाली, बाथरूममध्ये, आजी? मी विषय बदलला.

सराव: सव्वा मिनिट. पाठ आखडली.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
रडार आलं. काडेपेटीएवढं. माणूस श्वास घेतो तेव्हा छाती केसभर वर-खाली होते, तेवढंही त्याला दिसतं. लॅपटॉपवर विहीणबाईंच्या श्वासाची रेघ उमटली. किती सुंदर लाट आहे, असं नात म्हणाली. मग सून बघायला आली. मग माझा मुलगा मोजे हातात घेऊन बघायला आला. सासूबाईंच्या श्वासाचं कौतुक करत उभा. मी याला जन्म दिला तेव्हा किती श्वास लागला, ते कुणी मोजलं नाही.

माझी रेघ गुंतलेल्या लोकरीसारखी आली. नातीचं म्हणणं, तू पाय हलवतेस, मान हलवतेस आणि श्वास सोडून बाकी सगळं करतेस. यंत्र नवीन आहे, सुधारेल.

ती फोनवर गेली तेव्हा तिचा कागद वाचला. एका बाजूला ‘स्थिर माणूस’. त्याखाली विहीणबाई. दुसऱ्या बाजूला ‘इतर हालचाल’. त्याखाली टेबल फॅन, पडदा, आजी. तिसरा नंबर. पडद्याच्या खाली.

१५ फेब्रुवारी, रविवार
आता शर्यतीत दोनच सेन्सर आहेत. एक हे रडार. दुसरा अंगाची ऊब बघतो, माणूस बसला की लॅपटॉपवर लाल ठिपका. तो स्वस्त, शिवाय वाऱ्याने हलणारा पडदा त्याला फसवत नाही. नातीचा कल तिकडेच आहे.

मोठी बातमी अशी की शुक्रवारी ऑफिसात साहेबांसमोर खुर्चीवर माणूस बसवून दाखवायचं आहे. कंपनीची गाडी न्यायला येणार. नात एका आजीला नेणार. चार वर्षं झाली तिला नोकरी लागून. तिचं ऑफिस मी पाहिलेलं नाही, तिची खुर्ची कुठल्या खिडकीशी आहे ते माहीत नाही. चांगली शाल उन्हात घातली. विहीणबाईंनी विचारलं, कुठे जाताय का? मी म्हटलं, शुक्रवारी कळेल.

१६ फेब्रुवारी, सोमवार
विहीणबाईंना सकाळपासून तीनदा कडक कॉफी दिली, म्हणजे चाचणीत चुळबुळ करतील. त्यांनी तीनही वेळा आवडीने घेतली, कप खाली ठेवला आणि खुर्चीत झोपल्या. नात म्हणाली, ही रेघ तर आणखी सुंदर आहे.

उरलेली कॉफी वाया कशाला घालवायची म्हणून मी प्यायले. दुपारपर्यंत तीन कपाटं पुसून झाली.

सराव: झाला नाही. कपाटांमुळे.

१८ फेब्रुवारी, बुधवार, सकाळी १०
नातीने शेवटची संधी दिली. बंद खोलीत अर्धा तास. ती बाहेर लॅपटॉपवर बघणार, दोन्ही सेन्सर चालू. योजना तयार आहे. शेकायची पिशवी उकळत्या पाण्याने भरायची आणि शालीखाली लपवून आत न्यायची. खुर्चीवर पिशवी, भोवती शाल. ती लॅपटॉप लावेपर्यंत मी मागच्या दाराने स्वयंपाकघरात. ऊब खुर्चीत, हालचाल शून्य. विहीणबाईंनी कितीही केलं तरी पिशवीपेक्षा स्थिर बसता येणार नाही.

दुपारी ३
योजना उत्तम होती. अमलात आणताना थोडं झालं.

ऊब बघणाऱ्या सेन्सरवर लाल ठिपका होता. माणूस बसलाय, असं तो म्हणत होता. रडार म्हणत होतं, श्वास नाही. नातीने दोन्ही एकत्र वाचलं. आजी खुर्चीत आहे आणि श्वास थांबलाय.

मी स्वयंपाकघरात सुनेला भाजी कशी चिरू नये ते सांगत होते. एवढ्यात पलीकडे दार आपटलं आणि पोरगी आजी, आजी करत ओरडली. मी जाऊन बघते तर ती जमिनीवर बसलेली, पिशवी छातीशी धरून. चेहरा पांढराफटक. विहीणबाईही धावत आलेल्या, पायात एकच चप्पल. गुडघे दुखतात म्हणून एकोणचाळीस दिवस यांच्या हातात चहा नेऊन देतेय मी. मग धावल्या कशा? मला बघितल्यावर त्या म्हणाल्या, तुम्ही गेलात असं वाटलं हो, विहीणबाई. आणि माझा हात धरून बसल्या. बराच वेळ सोडला नाही. मीही ओढून घेतला नाही. पाहुण्या आहेत.

नात आधी रडली, मग एकदम लॅपटॉपकडे पळाली. ऊब बघणाऱ्याला पिशवी माणूस वाटली. आत खरंच कुणी दगावलं असतं, तर तो तास-दोन तास, सगळं ठीक आहे, असंच म्हणत राहिला असता. रडार फसलं नाही. स्वस्त सेन्सर बाद, रडार पक्कं.

म्हणजे दोन आठवडे तिला जे ठरवता आलं नाही ते मी अर्ध्या तासात ठरवून दिलं. विहीणबाईंनी काय केलं, तर श्वास घेतला. शुक्रवारी कुणाला न्यायचं हा प्रश्नच उरला नाही.

१९ फेब्रुवारी, गुरुवार
केस धुतले. चपला पुसल्या. साहेबांनी विचारलं तर काय सांगायचं, ते म्हणून बघितलं. नात सारखी हसून माझ्याकडे बघतेय. मी न विचारता समजून घेतलं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार, सकाळी ९
गाडी आली. मी दारात तयार. विहीणबाई पुढच्या सीटवर बसल्या. नातीने मागच्या सीटवर पिशवी ठेवली, माझ्या चांगल्या शालीत गुंडाळून. तिकडे पोचल्यावर गरम पाणी भरणार. मला म्हणाली, आजी, तुझी पिशवी साहेबांना दाखवायलाच हवी, सगळ्यात भारी चाचणी तीच. मी म्हटलं, मग मी पिशवीशेजारी बसते. तिने गालाचा मुका घेतला आणि म्हणाली, खोलीत हलणारं कुणी असलं की रेघ बिघडते गं.

गाडी गेली. मी दारात उभी होते. किती वेळ, ते माहीत नाही. सून म्हणाली, आई, पंधरा मिनिटं झाली, हलला नाहीत, बरं वाटत नाही का?

दुपारी २
नातीचा फोन. साहेब खूश. विहीणबाई साहेबांशेजारी बसून जेवल्या. पिशवीसाठी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पिशवीचा फोटो कंपनीच्या पुस्तकात येणार आहे.

पंधरा मिनिटं उभं राहून पाठ धरली. सुनेला म्हटलं, जरा शेकायची पिशवी भरून दे. ती म्हणाली, आई, ती ऑफिसला गेलीय.