स्वयंपाकघराचा पोपटी रंग

आई, तू ती भिंत रंगवायला नको होतीस. तू जाऊन इतकी वर्षं झाली तरी मी अजून तिथेच अडकलेय, आणि आता पुन्हा त्याच रंगापायी माझं काम अडलंय.

लोणावळ्याजवळ औंढ्याच्या आपल्या घरात मी पहिली फिल्म करत होते. तू चुलीपुढे भाकरी थापतेस, मागे धुरानं काळी झालेली भिंत, आणि तू आपली बोलत राहतेस. बस, एवढीच फिल्म. एका रविवारी निम्मी झाली. पुढच्या रविवारी उसना कॅमेरा सांभाळत मी लोणावळ्याला उतरते, रिक्षानं घरी येते, तर भिंत पोपटी! चकचकीत ऑइलपेंट! आणि तू ठेवणीतली साडी नेसून तयार. मी डोक्याला हात लावला. "अगं, मागच्या रविवारी काळी, आज पोपटी. हे एकच घर आहे हे लोकांना कळणार कसं?" तू पीठ मळता मळता म्हणालीस, "लोकं बघनार, आन् मी काळ्या भिंतीपुढं बसू व्हय? पिच्चर तुजा हाय, पर घर माजं हाय."

अर्धी काळी, अर्धी पोपटी अशीच फिल्म पुरी केली. त्यानंतर आणखी फिल्म केल्या, लेख लिहिले, तळेगावच्या फ्लॅटमध्ये आवाज घुमू नये म्हणून पांघरुणं टांगून पॉडकास्ट करते, पण भेटेल तो विचारतो, त्या रंगबदलामागचा विचार काय? माझी आई कुणाचं ऐकायची नाही, हाच विचार! असं तोंडावर येतं आणि गिळावं लागतं.

परवा एक निर्माता घर बघायला आला. मोठी फिल्म, जिच्यासाठी मी कुठे कुठे उंबरे झिजवले ती. त्याला घर आवडलं, फक्त भिंत पुन्हा काळी हवी. "मॅडम, असलं चकचकीत नाही चालणार. गावाकडचं घर वाटलं पाहिजे ना," असं म्हणत त्याच्या माणसानं चुलीमागचा हातभर रंग पत्र्यानं खरवडलासुद्धा. आतून तीच काळी भिंत निघाली. मला आनंद व्हायला हवा होता, पण मी त्याच्या हातातला पत्रा काढून घेतला. "पिक्चर तुमचा, पण घर माझ्या आईचं आहे," म्हणाले. ते गेले. फोन अजून आलेला नाही, येईलसं वाटतही नाही. बघ, मेल्यावरसुद्धा माझी फिल्म तूच अडवलीस!

काल लोणावळ्याहून रंगाचा डबा आणला. तुझा तो पोपटी आता मिळत नाही. त्यातल्या त्यात जवळचा लावला, तर ठिगळ लांबूनही दिसतंय. आता त्याच्यापुढेच बसून हे लिहितेय. पाठवायचं कुठे म्हणा, चुलीमागच्या कोनाड्यात राहील. तू असतीस तर तुझ्यापुढे हे बोलायची माझी छाती झाली नसती, म्हणून इथेच सांगते. आई, मला ती भिंत काळीच आवडायची. अजूनही आवडते.