बांधावरचे फटके

आई, तू गेल्याला आता इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आठवायला मला डोळे मिटावे लागतात. तुझा हात मात्र उघड्या डोळ्यांनीही आठवतो. गालावर, पाठीत, दंडावर, कुठं आणि किती जोरात, सगळं. बाबांची बँकेतली बदली कोलकात्याला झाली आणि आपण बागबाजारच्या भाड्याच्या घरात आलो, तेव्हा तुला इथलं काहीच रुचलं नाही. दमट हवा नाही, मोहरीच्या तेलाचा वास नाही, आणि आम्ही पोरं शाळेतून तोंडात बंगाली घेऊन येतो हे तर मुळीच नाही. घरात मराठीच, हा तुझा कायदा, आणि अंमलबजावणीही तुझीच. एकदा जेवताना मी सहज 'नून दाओ' म्हणून गेले. मीठच मागत होते, दुसरं काय! तू धिरडं उलटत होतीस. तव्यावरचं उलथनं तसंच्या तसं माझ्या मनगटावर आलं. मी "आई गं!" म्हणून किंचाळले तर तू म्हणालीस, "बघ, येतंय की मराठी!" मग खोबरेल तूच लावलंस, तेही असं रगडून की भाजल्यापेक्षा ते जास्त झोंबलं. डाग अजून आहे. विचारलं कुणी तर मी कुकरची वाफ सांगते.

सायकल मात्र तूच घेऊन दिलीस, हेही लिहायला हवं. बाबा म्हणत होते, मुलीला सायकल कशाला, ट्रॅम आहे की. तू त्यांच्याशी दोन दिवस बोलली नाहीस आणि सायकल आली. रविवारी सकाळी फोर्ट विल्यमजवळच्या मैदानात तू पदर खोचून माझ्यामागे धावते आहेस, सीट धरून, धापा टाकत, आणि मी पडले की उचलायच्या आधी एक धपाटा. "समोर बघ! खाली काय पुरलंय तुझं?" मी त्याच सकाळी शिकले. हौस नव्हती गं, तुझ्या हाताच्या टप्प्यातून बाहेर पडायचं होतं. बरंच लांब जाऊन वळून पाहिलं तर तू कमरेवर हात ठेवून उभी होतीस आणि चक्क हसत होतीस. इतकी खूश तू मला पुन्हा क्वचितच दिसलीस.

मला मुलगा झाला तेव्हा मी एकच गोष्ट ठरवली होती. त्याने भिंती रंगवल्या, काचा फोडल्या, एकदा तर गॅस उघडा ठेवला, पण मी त्याच्यावर कधी हात उगारला नाही. हात शिवशिवला की मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून उभी राहायचे. आता तो नोकरी करतो, बंगळुरूला असतो. आयुष्यात मी तुझ्यावर केलेली मात म्हणजे एवढीच, आणि तिचा मला गर्व होता.

गेल्या हिवाळ्यात धाकटा भाऊ पुण्याहून माझ्याकडे कोलकात्याला आला आणि म्हणाला, "ताई, चल, समुद्र बघून येऊ. सायकली घेऊ भाड्याने, लहानपणीसारख्या." सियालदाहून गाडीने नामखाना, पुढे नावेने बेटावर. पूर्वी तिथं मासे वाळवणारेच राहायचे, आता शहरातली माणसं सुट्टीला येऊन तंबूत राहतात आणि दिवसभर गाणी लावून ठेवतात. आम्ही दोघं पन्नाशी उलटलेली बहीण-भाऊ, मातीच्या उंच बांधावरून सायकली हाकतो आहोत. एका बाजूला भातखाचरं, दुसऱ्या बाजूला समुद्र. लाटा बांध खातात, पुन्हा माती टाकतात, पुन्हा खातात. पाण्यात माडांची नुसती खोडं उभी, शेंडे वादळाने नेलेले. धाकटा उगाचच घंटी वाजवत होता. खूप दिवसांनी मला कसलीच चिंता नव्हती.

सुरूच्या झाडांपाशी सायकली ठेवून आम्ही खाली पाण्यापर्यंत गेलो. मी माझी स्टँडवर लावली, त्याने नेहमीप्रमाणे झाडाला टेकवली. वर आलो तर त्याची जागेवर नाही, आणि बांधावर पुढे एक काटकुळा माणूस तशाच काळ्या सायकलवरून चाललेला. धाकट्याचं बंगाली पुण्यात सगळं विरून गेलंय. एकच शब्द दोन्ही भाषांत सारखा, तेवढाच त्याला आठवला. "चोर! चोर!"

पलीकडच्या तंबूतली शहरी पोरं बाटल्या टाकून धावली. त्यांना एवढंच हवं होतं. त्याला सायकलवरून ओढला, कॅरियरवरचं सुक्या मासळीचं पोतं फुटलं, आणि मग बुटांनी, बेल्टनी, तंबूच्या बांबूंनी. "आमार सायकेल, दादा, आमारई," माझी, माझीच, असं तो म्हणत होता, मग त्याला म्हणता येईना. कानातून रक्त येत होतं. एकाने त्याचं डोकं बुटाखाली दाबून धरलं. आणि तेवढ्यात मला धाकट्याची सायकल दिसली. वाऱ्याने घसरून बांधाच्या उतारावर गवतात पडली होती, हँडल वर. मी बंगालीत ओरडले, सायकल मिळाली, सोडा त्याला! कोण ऐकतो? मारण्यात एक गोडी असते, ती लागली की कारण लागत नाही. एकाने मला ढकललं आणि म्हणाला, "माशिमा, शोरे जान." मावशी, बाजूला व्हा.

तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच्या हातातला बांबू मी कसा ओढला, ठाऊक नाही. "मेल्यांनो, हात मोडून हातात देईन! पाठीची सालटी काढीन एकेकाच्या!" हे सगळं मराठीत, आणि शब्द सगळे तुझे. पहिला फटका त्याच्या मनगटावर बसला, हाड वाजलेलं मी ऐकलं. दुसरा खांद्यावर, तिसरा कुणाच्या नडगीवर. पोरं मागे सरली, मग पळाली. डोक्यावर बूट ठेवणारा पळता पळता घसरून पालथा पडला. त्याच्या पाठीवर मी मारत सुटले. तो रडत माफी मागत होता, तरी मारत होते. शेवटी धाकट्याने मागून माझे दोन्ही हात धरले.

खाली पडलेल्या माणसाला उठवायला मी वाकले, तर त्याने डोक्यावर हात घेतले. मीही मारणार असं त्याला वाटलं. आम्ही त्याला घाटाजवळच्या डॉक्टरकडे नेलं. तो वाचला. धाकटा त्याच्या पायाशी बसून ढसाढसा रडला. त्या माणसाने शेवटपर्यंत आमच्याकडे पाहिलं नाही, आणि पाहावं तरी का त्याने?

परतीच्या नावेत धाकटा हळूच म्हणाला, "ताई, तुझ्यात अगदी आई आली होती गं." आता तो हे सगळ्यांना सांगतो, फोनवर, लग्नाकार्यांत, अगदी अभिमानाने. मी मान डोलावते. माझ्या मुलानेही विचारलं, "आई, तू खरंच मारलंस?" मी म्हटलं, एक जीव वाचवायचा होता रे. ते खोटं नाही.

पण पालथ्या पडलेल्या त्या पोराच्या पाठीवर जे फटके मारले, तेव्हा वाचवायचं कुणी उरलं नव्हतं. माझ्यात तू आली नव्हतीस, आई. तू माझ्यासमोर पालथी पडली होतीस. मी तुला मारत होते, आणि मला थांबायचं नव्हतं. हे पत्र पाठवायला पत्ता नाही ते बरंच आहे, कारण असता तरी मी ते टाकलं नसतं. तुझी मला अजून भीती वाटते.